मधलीचा रिपोर्ट

तिघा भावंडांतली ती मधली. वर दादा, खाली धाकटी, आणि हिला घरात सगळे मधलीच म्हणत. बाहेर मात्र ती चष्म्याच्या दुकानातली बाई होती. काचा घासून फ्रेमच्या मापाला आणणं, काडीला ऊब देऊन ती वाकवणं, मग गिऱ्हाइकाच्या कानामागे ती नीट बसते का हे बोटाने चाचपून पाहणं, हे तिचं काम. दिवसभर अनोळखी चेहरे वीतभर अंतरावरून बघायचे आणि संध्याकाळी शटर ओढून आपल्या दोन खोल्यांत परतायचं. लग्न तिने केलं नव्हतं. का, असं कोणी विचारलंच तर म्हणायची, "राहून गेलं. दूध आणायचं राहून जातं ना, तसंच."

एकटी होती, पण रिकामी नव्हती. कारण दादा आणि धाकटी एकमेकांशी बोलत नव्हते.

वडील गेले तेव्हा धाकटी परगावाहून निघाली होती. गाडी उशिरा पोचणार होती, आणि दादाने तिच्यासाठी न थांबता सगळं उरकून घेतलं. धाकटीने ते मनात धरलं ते धरलंच. पुढे ती नवऱ्यासह याच शहरात राहायला आली, तरी दोघांमधलं बोलणं मधलीमार्फतच चाले. "तिला म्हणावं, नोकरी सोडायच्या आधी जरा विचार कर." "त्याला सांग, विचार करकरूनच माणसं म्हातारी होतात." मधली निरोपातले काटे काढून तो पुढे पाठवी. "दादा तुझी चौकशी करत होता गं." "धाकटी म्हणाली, बघते विचार करून." निरोप वाटेत धुऊन निघतो हे दोघांनाही ठाऊक होतं, आणि दोघांनाही ते सोयीचं होतं. त्यामुळे फोन तिलाच यायचे, आणि दोघंही तिच्याच घरी यायची, फक्त वेगवेगळ्या रविवारी.

मग दादाच्या गळ्याला गाठ आली. तो दाढी करत असताना वहिनीने ती आरशात पाहिली. सुई घालून तपासणी झाली आणि डॉक्टरांनी सांगितलं की हा थायरॉइडचा कॅन्सर आहे, त्यातलाही क्वचित दिसणारा प्रकार. "घरात आधी कोणाला होतं का?"

दादाने नाही म्हणून मान हलवली आणि मग तो थांबला. आई गळ्याच्या दुखण्यानेच गेली होती, पुरती म्हातारी व्हायच्या कितीतरी आधी. तेव्हा त्या दुखण्याला कोणी धड नावही दिलं नव्हतं. मधली तेव्हा शाळा संपवून घरी होती. आईला चमच्याने भरवायचं आणि तिचा बसलेला आवाज तोंडाजवळ कान नेऊन ऐकायचा, हे सगळं तिनेच केलं होतं.

डॉक्टरांनी तिघांनाही जनुकांच्या सल्लागार बाईंकडे पाठवलं. खोली लहान होती. दादा एका टोकाला, धाकटी दुसऱ्या टोकाला, आणि मध्ये अर्थातच मधली. बाई हळू आणि स्पष्ट बोलायच्या. शरीरात एक जनुक असतं, ते काही पेशींना कधी वाढायचं आणि कधी थांबायचं ते सांगतं. दादाच्या त्या जनुकात एका अक्षराची चूक आहे. म्हणून त्या पेशींना थांबायचं कळत नाही. ही चूक बहुधा आईकडून आलेली.

"आणि आम्हाला?" धाकटीने विचारलं.

"शक्यता निम्मी-निम्मी."

"म्हणजे नाणं उडवल्यासारखं?"

"हो. पण प्रत्येकासाठी वेगळं नाणं. एकाला आलं म्हणून दुसऱ्याला येईलच किंवा येणारच नाही, असं काही नसतं." बाईंनी पुढे सांगितलं की चूक नेमकी कुठल्या जागी आहे त्यावरून आजार घाईचा की सावकाश, याचाही अंदाज बांधता येतो. काही घरांत तान्ह्या मुलांचीच थायरॉइडची ग्रंथी काढावी लागते. यांच्या घरातली चूक तेवढी उतावीळ नव्हती. वेळेत कळलं आणि ग्रंथी काढून टाकली, तर बहुतेकदा गोष्ट तिथेच संपते.

तिघांचंही रक्त घेतलं गेलं. दादाचं पुन्हा एकदा, फक्त खात्रीसाठी. प्रश्न दोघी बहिणींचा होता, आणि त्यातल्या एकीचं उत्तर सगळ्यांनी आधीच ठरवून टाकलं होतं. मधली हुबेहूब आईवर गेली होती. तेच रुंद कपाळ, हसताना डावीकडून वर जाणारा तोच ओठ, रागावल्यावर घरभर शांतता पसरवण्याची तीच सवय. वडील तर शेवटी शेवटी तिला आईच्याच नावाने हाक मारायचे. जिन्यावरून उतरताना दादा म्हणाला, "तुझं तर विचारायलाच नको गं," आणि मग आपण काय बोललो हे कळून त्याने तिच्या हातातली छत्री उगीचच स्वतःच्या हातात घेतली.

मधलीने मनाची तयारी करून टाकली. दुकानाच्या मालकाला कानावर घालून ठेवलं. गळ्यावरून ओढून काढावे लागू नयेत म्हणून पुढून बटणांचे दोन गाऊन आणले. भीती वाटत नव्हती असं नाही. पण त्या भीतीत एक जुनी ओळख होती. आईच्या उशाशी बसून जे पाहिलं, तेच आता आतून कळणार. कोणाला सांगता आलं नसतं, पण तिला ते आईकडे जाण्यासारखं वाटत होतं.

रिपोर्ट आले. बाईंनी आधी धाकटीकडे पाहिलं. "तुमच्यात तो बदल आहे."

धाकटीने मधलीचा हात पकडला. इतका घट्ट की अंगठीचा खडा रुतला.

"आणि तुमच्यात नाही," बाई मधलीला म्हणाल्या, आणि हसल्या. त्या खोलीत हसायला मिळणं ही त्यांच्यासाठी दुर्मीळ गोष्ट असावी.

"वा!" दादा म्हणाला. जरा जास्तच मोठ्याने. धाकटीने तिला मिठी मारली, पाठीवर थोपटलं आणि सोडलं. सोडताना तिची नजर मधलीच्या खांद्यावरून दादाकडे गेली.

"म्हणजे आपण दोघंच," ती त्याला म्हणाली.

वडील गेल्यापासून ती त्याच्याशी थेट बोलली नव्हती. दादाने नुसती मान डोलावली. मग त्याने डोळे पुसले, आणि धाकटी उठून त्याच्या शेजारच्या खुर्चीत जाऊन बसली. मधली आपल्या जागेवरच होती. दोघांच्या मध्ये आता कोणी लागत नव्हतं, एवढंच.

दादाचं ऑपरेशन आधी झालं, धाकटीचं नंतर. दादाच्या मानेतल्या गाठीही काढाव्या लागल्या. धाकटीची ग्रंथी अगदी सुरुवातीलाच निघाली. डॉक्टर म्हणाले, उशीर झाला असता तर चित्र वेगळं असतं. मधलीने दोन्ही वेळा रजा घेतली, घरून पातळ भात नेला, उशा सारख्या केल्या, पाण्याच्या बाटल्या भरल्या. या सगळ्यात तिचा हात बसलेला होता. पण धाकटी शुद्धीवर आली तेव्हा तिने पहिल्यांदा विचारलं ते "दादा आलाय का?" असं. आणि दादा आपली पट्टी दाबत, हळूहळू चालत आला आणि पलंगाच्या कडेला बसला. "गिळताना टोचेल," त्याने सांगितलं. "पण गिळत राहायचं. थांबलीस की जास्त टोचतं." धाकटीने त्याच्यावर विश्वास ठेवला. मधलीने आदल्या संध्याकाळी हेच सांगितलं होतं, तेव्हा ती म्हणाली होती, "तुला काय माहीत?"

पुढे दोघांचं एक वेगळंच जग झालं. सकाळी उपाशीपोटी घ्यायची गोळी आधी कोण घेतं यावर फोनवर चेष्टा व्हायची. बोटांना मुंग्या आल्या तर कॅल्शियम कधी घ्यायचं, आवाज कधी भरतो, गार वाऱ्यात व्रण का ओढतो. दर काही महिन्यांनी दोघं एकत्र रक्त द्यायला जायची आणि आकडा खाली आला की बाहेरच जेवून यायची. मधली कधी त्यांच्यात बसली असली तर विचारायची, "हा आकडा म्हणजे नेमकं काय गं?"

"कॅल्सिटोनिन. आजार उरलाय का ते कळतं त्यावरून," धाकटी सांगायची, आणि मग मायेनेच म्हणायची, "जाऊ दे, तुला नाही कळायचं ते. कशाला डोक्याला ताप करून घेतेस?"

मधलीचा फोन वाजेनासा झाला. भांडण झालं असतं तर काही करता आलं असतं, पण भांडण कुठे होतं? दोघं बोलू लागली होती, हेच तर तिला इतकी वर्षं हवं होतं. आणि रिपोर्ट चांगला आला म्हणून कुरकुर करणारीला लोकांनी काय म्हणावं? तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय. दुकानाचा मालक म्हणाला, "नशीबवान आहात बाई, देवाचे आभार माना." तिने मान हलवली आणि एका म्हाताऱ्याच्या चष्म्याचा स्क्रू इतका आवळला की आटेच गेले.

एक दिवस ती एकटीच सल्लागार बाईंकडे गेली. अपॉइंटमेंट घेतली नव्हती. बाई डबा खात होत्या, त्यांनी तो बाजूला ठेवला.

"नमुन्यांची अदलाबदल झाली असेल का?" मधलीने विचारलं.

"दोनदा तपासतो आम्ही. तुमचाही दोनदा तपासलाय."

"पण मी आईसारखी दिसते. अगदी तशीच. कोणालाही विचारा."

"चेहरा वेगळ्या जनुकांतून येतो."

"मग मला आईचं काय मिळालं?"

"निम्मं सगळं. तिघांनाही तेवढंच मिळतं. तुमच्या निम्म्यात हा तुकडा नाही, इतकंच." बाईंनी तिच्याकडे जरा वेळ पाहिलं. "तुम्हाला तो हवा होता का?"

मधलीला हो म्हणवेना आणि नाहीही म्हणवेना. टेबलावर रुमालाने झाकलेला डबा होता. तिने त्याच्याकडे पाहत म्हटलं, "असं कोणाला वाटू शकतं का?"

"इथे येतात माणसं असं वाटून. सुटलेली माणसं. रडतात, आणि मग माझी माफी मागतात."

"मी रडत नाहीये."

"मग माफीही मागू नका."

निघताना मधलीने विचारलं, "मला पुन्हा कधी यायचं?"

"तुम्हाला यायची गरज नाही. तुमची फाइल आम्ही बंद केलीय." हे सांगतानाही बाईंचा आवाज गोडच होता. मधली बाहेरच्या बाकावर थोडा वेळ टेकली. तिथे बसलेल्या प्रत्येकाला पुढची तारीख मिळत होती.

मग बऱ्याच दिवसांनी दादाचा फोन आला. काम होतं. त्याचा मुलगा तपासणी करून घ्यायला तयार नव्हता. मुलगा लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा, बायको गरोदर होती, आणि दादाने विषय काढला की तो ताटावरून उठायचा. "तू बोलून बघ ना," दादा म्हणाला. "तुझं ऐकतो तो." मधलीला फोन ठेवल्यावर स्वतःचीच गंमत वाटली. दादाने निरोप दिला होता आणि तिला बरं वाटलं होतं.

भाचा एका उंच इमारतीच्या गच्चीवर, लिफ्टच्या यंत्राच्या खोलीत सापडला. हात कोपरापर्यंत ग्रीसने माखलेले. त्याने तिच्यासाठी एक पत्र्याचा डबा उपडा घातला आणि त्यावर फडकं टाकलं.

"बाबांनी पाठवलंय ना तुला?"

"हो."

"कळून काय करू आत्या? आज मी धडधाकट आहे. उद्या कागदावर लिहून आणलं की आजारी झालो. बाळ येतंय घरात. तुला काय, तू सुटलीस."

"सुटले खरी. तेव्हापासून घरात माझ्याशी फारसं कोणी बोलत नाही."

त्याने हातातला पाना खाली ठेवला. "म्हणजे एक तर गळा कापतील, नाही तर वाळीत टाकतील? फारच छान समजावतेस."

ती हसली, तोही हसला. कितीतरी दिवसांत ती अशी कोणाबरोबर हसली नव्हती. मग तिने त्याला आजीचं सांगितलं, जे कधी कोणाला सांगितलं नव्हतं. आजी गळ्याला हात लावून लावून आरशात पाहायची. आवाज गेल्यावर ताटलीवर चमचा वाजवून हाक मारायची, आणि शेवटच्या दिवसांत तिने खुणेने विचारलं होतं की हे मला कशाने झालं. मधलीजवळ उत्तर नव्हतं. डॉक्टरांजवळही नव्हतं. "तिला कोणी आधी सांगितलं असतं ना रे, तर ती अनवाणी धावत गेली असती दवाखान्यात. तुमच्यासाठी गेली असती. एवढंच सांगायला आले. आता तू तुझं बघ."

यंत्राचं मोठं चाक गरगर फिरलं आणि थांबलं. खाली कोणीतरी लिफ्टमधून उतरलं असावं.

त्याने रक्त दिलं. रिपोर्टची वाट पाहण्याच्या दिवसांत मधलीने स्वतःला एका विचारात पकडलं. याच्यात नाही निघालं तर सुटलेले आपण दोघं होऊ. घरातल्या जेवणांना ती दोघं गोळ्यांचं बोलत बसली की आपल्यालाही एका कोपऱ्यात हसायला कोणी असेल. पोराचं भलं व्हावं ही इच्छा आणि आपली सोय, दोन्ही एकाच गाडीत बसून आल्या होत्या, आणि त्यांतली कुठली आधी चढली हे तिला सांगता येईना. त्याची तिला लाज वाटली.

त्याच्यात बदल होता. ग्रंथी काढली तेव्हा आत कणभर सुरुवात झालेली दिसली. पसरलं कुठेच नव्हतं. डॉक्टर म्हणाले, आणखी काही वर्षांनी आला असता तर मी हे इतक्या मोकळेपणाने सांगू शकलो नसतो. दादाने मधलीचे दोन्ही हात धरले. "तुझ्यामुळे," एवढंच तो म्हणाला, आणि ते खरं होतं. त्या रात्री तिला गाढ झोप लागली.

भाचा घरी आला त्या रविवारी सगळे दादाकडे जमले. जेवणं झाल्यावर धाकटीला हुक्की आली. "चला, तिघांचा फोटो काढू. गळे दाखवून." दादाने शर्टाचं वरचं बटण काढलं, धाकटीने ओढणी बाजूला केली, भाच्याची पट्टी नुकतीच निघाली होती. तिघं सोफ्यावर चिकटून बसली. दादाचा व्रण रुंद आणि जुना, धाकटीचा दोऱ्यासारखा, भाच्याचा अजून लालसर. वहिनी आत भांडी आवरत होती, दिवस भरत आलेल्या सुनेला उठवत नव्हतं.

"मधले, तू काढ गं," दादा म्हणाला.

तिने फोन हातात घेतला. "जरा जवळ या," ती म्हणाली. "धाकटे, हनुवटी वर." तिघांनी हनुवट्या वर केल्या. फोटो चांगला आला. सगळ्यांना पाठवला गेला, तिलाही.

त्यानंतर ती काही आठवडे दादाकडे गेली नाही. दुकानात काम आहे म्हणायची, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. सुट्टीच्या दिवशी ती घरातच असायची. रेडिओ लावायची, बंद करायची. एकदा तिने एकटीसाठी मोठ्या पातेल्यात भाजी केली आणि ती तीन दिवस खाल्ली.

मग एका दुपारी धाकटी दुकानात आली. चष्म्याची काडी तुटली होती. गिऱ्हाईक कोणी नव्हतं. मधलीने फ्रेम हातात घेतली, नवी काडी शोधून बसवू लागली. धाकटी स्टुलावर बसून काउंटरच्या काचेवर बोट फिरवत होती.

"तू येत नाहीस हल्ली," ती म्हणाली.

"तूही फोन करत नाहीस."

"हो." धाकटीने बोट थांबवलं. "खरं सांगू? तुला पाहिलं ना की रागच येतो तुझा. हिलाच का सोडलं, असं येतं मनात. आईची सगळ्यात लाडकी तू, तिच्यासारखी दिसणारी तू, आणि सुटलीस पण तूच. मग मला माझीच लाज वाटते. मग मी फोन करत नाही. दादाला फोन केला की असलं काही होत नाही."

मधलीने स्क्रू पुरता बसवला. तिचे हात स्थिर होते, त्याचं तिलाच आश्चर्य वाटलं.

"मला वाटायचं, मी नकोशी झालेय."

"नकोशी नाही गं. बघवत नाहीस, एवढंच." धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि आपल्या शब्दांचं तिला हसूही आलं. "केवढी घाण आहे ना मी?"

"नाही." मधलीने फ्रेम फडक्याने पुसली. "मी दोन गाऊन आणले होते. पुढून बटणांचे. माझंच ऑपरेशन होणार म्हणून."

धाकटीने तिच्याकडे पाहिलं. "तुला हवं होतं?"

"तेव्हा हवं होतं. आता काय हवंय ते नाही माहीत."

रस्त्यावरून एक ट्रक गेला, काचा थरथरल्या. कोणीही कोणाला जवळ घेतलं नाही. मधलीने काउंटरला वळसा घालून बहिणीच्या डोळ्यांवर चष्मा चढवला आणि कानामागे बोट घालून काडी चाचपली. मानेवरचा व्रण इतक्या जवळून तिने पहिल्यांदाच पाहिला. तो तिला वाटला होता त्याहून खूपच बारीक होता.

"घट्ट होतोय?"

"नाही. ठीक आहे." धाकटी उठली. "थोडे दिवस जाऊ देत. मला जमेल असं वाटतं. पण लगेच नाही जमायचं."

"बरं," मधली म्हणाली.

भाच्याला मुलगी झाली. तिची तपासणी कधी करायची ते सल्लागार बाईंनी लिहून दिलंय, आणि तो आता कुणी न सांगता पुढच्या तारखा सांभाळतो. दादाचा आकडा पूर्ण खाली गेलेला नाही, पण वाढतही नाही. तो आणि धाकटी अजून एकत्र रक्त द्यायला जातात. मधली त्या दिवशी दुकानातच असते. कोणी तिला बोलावत नाही, आणि तीही आता तशी अपेक्षा ठेवत नाही.

धाकटी मात्र अधूनमधून फोन करते. सांगण्यासारखं दोघींकडे फारसं नसतं. काय केलंस, जेवलीस का, एवढ्यात विषय संपतो. तरी फोन लगेच ठेवत नाहीत. पलीकडे धाकटीच्या घरी कुकर वाजतो, तिचा नवरा काहीतरी विचारतो, ती त्याला उत्तर देते. इकडे मधली खिडकीशी बसून ते सगळं ऐकते. धाकटी "ठेवू का?" म्हणेपर्यंत ती तशीच बसून असते.